खाणीच्या तळ्याचे थांबे

सातारा स्टँडवर मी एकदा "वाई, वाई, वाई" असा पुकारा केला, तर तिकडं वाईच्या घाटावर आंघोळ करणारे चार जण ओल्या अंगानं गाडी पकडायला धावले. हे खोटं आहे असं म्हणणारे लोक आहेत. ते सगळे मागच्या सीटवर झोपलेले असायचे. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म उभ्यानं काढला, त्यामुळं आवाज असा आणि जीभ अशी. घरात काही झाकायचं असलं की मला पुढं करतात. त्या रविवारीही केलं.

करणारा माझा थोरला भाऊ. मी एसटीत गेलो, तो कराडच्या अलीकडं टेकडीमागच्या दगडखाणीत गेला. सुरुंगासाठी खडकात भोकं पाडायचं मशीन त्याच्याकडं. नाकातोंडाला टॉवेल गुंडाळून सकाळी काळा जायचा आणि संध्याकाळी पांढरा होऊन यायचा. वहिनी म्हणायची, "ह्यो नवरा हाय का पिठाची गिरणी?" आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच.

पुढं खाणीच्या तळाला झरे फुटले, पंप हरले, खाण बंद पडली. पाणी चढत गेलं आणि त्याचं तळं झालं. आता ग्रामपंचायतीनं भोवतीनं पायवाट काढलीय, कठडा केलाय, सिमेंटचे बाक टाकलेत, वर कमान उभी केलीय. रविवारी माणसं डबे घेऊन येतात आणि सगळं खटलं फेरी मारतं. तासाभराची वाट, चढ म्हणून नाही. काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा सुनांची उणीदुणी काढत सहज पुरी करतात.

दादाला मात्र अंगणातल्या नळापर्यंत जाऊन यायला मध्ये एकदा टेकावं लागत होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय, ती आता निघत नाही. हे ऐकायला खोलीत आम्ही दोघंच भाऊ होतो.

त्याची एकुलती लेक पुण्याला इंजिनियर. तिला जर्मनीत नोकरी लागली होती. आठवड्यानं नवऱ्याला आणि दोन्ही पोरांना घेऊन ती निघणार होती. वहिनी गेल्यापासून बाप एकटा, म्हणून आधीच तिचा पाय निघत नव्हता. दादानं मला बजावलं होतं, "तिला कळलं तर ती जायची न्हाई. इमान उडालं की मग सांग. तवर तोंड उघडायचं न्हाई."

तोंड उघडायचं नाही, आणि हे मला!

पोरांना घेऊन ती निरोपाला आली. सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "आप्पा, ज्या खाणीच्या कमाईवर मी शिकले ती पोरांना दाखवायचीय. तुमच्याबरोबर तळ्याला एक फेरी मारायची."

नाही म्हणावं तर का, ते सांगणं आलं. "जाऊ की," दादा म्हणाला. चपला घालताना मात्र माझ्या खांद्याला धरून हळूच बोलला, "मी थांबलो की तू सुरू कर."

पहिला थांबा कमानीपासून हाकेच्या अंतरावर आला. दादा कठड्याला धरून पाणी बघायच्या निमित्तानं उभा राहिला आणि मी घंटी मारली. "बघा रे पोरांनो, ह्या तळ्याला बूड नाही. एकानं बादली सोडली, दोर तुटला, बादली गेली ती थेट वाईच्या घाटावर वर आली. तिथल्या भटजींनी ती घासून-पुसून, आत चार फुलं टाकून एसटीनं परत पाठवली. माझ्याच गाडीनं. बादलीचं अर्धं तिकीट फाडलं मी."

पोरं खिदळली. लेक म्हणाली, "काका, कधीतरी खरं बोला हो." मी डोळ्याच्या कोपऱ्यातनं दादाच्या मानेवरची शीर बघत होतो. ती उडायची कमी झाली की गोष्ट संपवायची, एवढाच हिशोब होता. मी मोठ्यानं बोलत असलो की त्याच्या छातीचा आवाजही झाकून जायचा.

दुसऱ्या थांब्याला गोष्टीत माण तालुक्यातली मेंढरं आणली. दुष्काळात तीन दिवस तहानलेली, इथं येऊन इतकं पाणी प्याली की तळं दोन हात खाली गेलं. परत दहिवडीला नेऊन त्यांची लोकर पिळली, तर तीन गावांच्या टाक्या भरल्या. तिसऱ्या थांब्याला खडी खाणारा मासा काढला. धाकटी नात लोळायचीच बाकी होती. "कंडक्टर आजोबा, अजून एक!" शीर काही थांबत नव्हती. अजून एक सांगितली.

असं करत आम्ही पलीकडच्या काठाला पोहोचलो. इथून मागं जा नाहीतर पुढं जा, वाट सारखीच. समोर खाणीची उभी कापलेली भिंत होती. तिच्यात वरून खालपर्यंत मशीननं पाडलेल्या भोकांच्या अर्ध्या नळ्या अजून दिसत होत्या. लेकीनं एका नळीवरून बोट फिरवलं. "आप्पा, ही तुम्ही पाडलेली?"

दादानं नुसती मान हलवली आणि एका दगडावर बसला. ओठ निळसर पडले होते. मी एक गोष्ट सांगितली, दुसरी सांगितली. शीर उडतच होती. पोटातला माल संपला, तेव्हा मी ती शेवटची रचली.

"आता नीट ऐका. इथला शेवटचा सुरुंग लावला, वात पेटवली आणि नेमकं पाणी आत शिरलं. सुरुंग उडाला, पण त्याच्या आवाजाला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. तो अजून ह्या भिंतीत कोंडलाय. सगळ्यांनी डोळे मिटून एकदम गप्प बसलं ना, की ऐकू येतो."

मला वाटलं, ही पोरं डोळे मिटतील, एकमेकांना चिमटे काढतील, त्यात दोन मिनिटं जातील. थोरला नातू म्हणाला, "मग तुम्ही पण गप्प बसा ना!" सगळे हसले. मीही हसलो आणि गप्प बसलो.

वारं नव्हतं. पाखरू नव्हतं. त्या खड्ड्यात चाकातली हवा सुटावी तशी बारीक शीळ वर चढायची, मग आत खडी हलल्यासारखी खरखर व्हायची आणि पुन्हा शीळ.

"आला! आवाज आला!" धाकटी ओरडली.

लेकीनं डोळे उघडले होते. ती उठली, दादाच्या मागं गेली आणि पोरांना ताप आल्यावर आई लावते तसा तिनं त्याच्या पाठीला कान लावला.

"आप्पा, हे कधीपासून?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी सुरू केलं, "अगं, परवा गारठ्यात ह्यानं अंगणात खाट टाकली, तर—"

"काका, पुरे." ती रडत नव्हती. "तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला कमानीपासून हसवताय."



"तू जा, पोरी," दादा एकेक शब्द सुटा करून बोलला. "तू हितं बसून... दगूड काय इरघळणार हाय व्हय?"

तिनं पोरांचे हात धरले आणि थोडी पुढं जाऊन नवऱ्याला फोन लावला. त्या खड्ड्यात आवाज लपत नाही. "नाही, मी येत नाहीये. तिकिटाचं नंतर बघू. सांगते, आल्यावर सांगते." दादानं ते सगळं ऐकलं. जिच्यासाठी त्या भिंतीची त्यानं भोकाभोकानं चाळण केली होती, तीच आता त्याच्यापायी मागं राहणार होती, आणि ते टाळायला एका गोष्टीपुरतंही गप्प न बसणं एवढंच माझं काम होतं.

पायवाटेवर गाडी येत नाही. चालणं भाग होतं. लेक पोरांना घेऊन पुढं, आम्ही दोघं मागं. वीस पावलं टाकायची, थांबायचं. थांबलो की पोरं मागं वळून बघायची, पण गोष्ट सांगा असं कुणी म्हणालं नाही.

त्यानंतरच्या चौथ्या का पाचव्या थांब्याला दादा कठड्यावर दोन्ही हात टेकून म्हणाला, "बोल की रं."

"काय बोलू?"

"काय बी बोल गड्या. माझा मलाच ऐकू येतुया."

मी तोंड उघडलं. चाळीस वर्षांत भरल्या गाडीत कधी शब्द अडला नव्हता. आत बघितलं तर काही नव्हतं. ना मेंढरं, ना मासा.

"पाणी हिरवं दिसतंय," मी म्हणालो.

"व्हय," दादा म्हणाला.

मग आम्ही पुढची वीस पावलं टाकली.