सासूच्या रानातला मावा

सेरेरेच्या संशोधन केंद्रात बाकीचे लोक भुईमूग जगवायचा पगार घेतात, एकवारू तो आजारी पाडायचा घेतो. जाळीच्या खोलीत तो मावा पाळतो. कुंडीतल्या रोगट लाल भुईमुगावर ही बारीक काळी कीड पोसायची आणि ती रोपं नव्या वाणांच्या ओळींमध्ये नेऊन लावायची. मावा रस शोषत फिरतो आणि जाईल तिथे गुच्छा रोग देतो. पानं आखडून त्यांचा गुच्छ होतो, झाड खुजं राहतं, खाली शेंग धरत नाही. एवढ्यातूनही जे वाण उभं राहील, ते पुढच्या संकराला घ्यायचं. काम सरळ आहे. ते गावाला समजावून सांगणं मात्र एकवारूला कधी जमलं नाही.

"लोक गाई पाळतात, कोंबड्या पाळतात. आमच्याकडे उवा पाळतात," असं त्याची बायको आकितेंग पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे पोट धरून हसायचे.

मग एका हंगामात त्याच्या सासूच्या, अकुरुतबाईंच्या, रानातला एरुडुरुडु या जुन्या वाणाचा लाल भुईमूग गुच्छ्याने साफ गेला, आणि हसणं थांबलं. गावाने निकाल दिला, की जावयाने कपड्यांतून रोग आणला. खरं तर जावई आणि सासूने एकमेकांचं तोंड बघायचं नाही ही रीत एकवारूने चोख पाळली होती. वाटेत बाई दिसल्या तर तो काट्यांत शिरायचा. त्या रानात त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण माव्याला कुठली आलीय रीतभात, असं लोक म्हणाले.

आकितेंग लेकीला घेऊन माहेरी गेली. "आईच्या रानात शेंग धरेल तेव्हा येईन, आलिसचे बाबा," ती म्हणाली. "तोवर तुमच्या उवा तुम्हाला आणि तुम्ही उवांना."

एकवारूला घर खायला उठलं. तो केंद्रावर लवकर जाऊ लागला. मावा जोमाने वाढला.

तेवढ्यात केंद्रातल्या डॉक्टर अपोलोतबाईंनी नव्या वाणांच्या परीक्षेसाठी रान निवडलं. दलदलीच्या कडेला, एकटं, रोगाने मुरलेलं. अकुरुतबाईंचं.

"बाई, दुसरं रान नाही का?" एकवारूने विचारलं.

"इतकं रोगट कुठे मिळणार? शिवाय तुला रस्ता माहीत आहे."

अकुरुतबाई लगेच कबूल झाल्या. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

वाणं उगवून आल्यावर एकवारू रोगट रोपांची टोपली घेऊन रानात आला. चिंचेखाली सासू पाठमोरी बसली होती, शेजारी शेळी. तोही पाठ करून उभा राहिला.

"शेळे, त्या माणसाला विचार, टोपलीत काय आहे."

"रोग आहे, शेळे," एकवारू म्हणाला.

"कुणाच्या रानात लावणार म्हणावं?"

"तुझ्या मालकिणीच्या."

शेळी चरत राहिली.

"आणि हे लावून माझी लेक परत नांदायला येईल, असं वाटतंय का त्याला?"

एकवारूने खाली बसून रोपं लावली. वाणं पडली तर गावाचं म्हणणं खरं ठरणार होतं आणि या खेपेला सासू स्वतः साक्षीदार होती.

रोग आला. आधी तुलनेसाठी पेरलेला लाल भुईमूग गेला, मग मोठ्या आशेची दोन नवी वाणंही गेली. अपोलोतबाईंनी त्यांच्यावर शांतपणे काट मारली, एकवारूने रात्रीचं जेवण सोडलं. एकेचाळीस नंबरची ओळ मात्र दोन्ही बाजूंच्या खुज्या झाडांमध्ये हिरवीगार उभी राहिली. त्या पानांवर मावा बसतच नव्हता.

काढणीला अकुरुतबाईंनी त्यातलं एक झाड स्वतः उपटलं. मुळाशी शेंगांचे घोस लटकले होते. एकवारू बांधावर, पाठ करून उभा. बाईंनी शेंग फोडली, दाणे चावले, बराच वेळ चावले.

"शेळे, याला एरुडुरुडुची चव नाही," त्या अखेर म्हणाल्या. "पण आता रानात एरुडुरुडुही उरला नाही."

दुसऱ्या दिवशी आकितेंग आली. डोक्यावर शेंगदाण्याच्या कुटाचं भांडं, पाठीवर आलिस, हातात भोपळ्याची तुंबडी. एकवारूने आधी तुंबडीत हात घातला. आत लाल दाणे होते.

"हे तर जुन्या एरुडुरुडुचंच बी," तो म्हणाला. "एकेचाळीस नाही दिलं?"

"ते आईने स्वतःला ठेवलं. आणि हे तिने जपलेलं जुनं बी तुम्हाला नाहीच," आकितेंग भांडं उतरवत म्हणाली. "आई म्हणाली, आता गावभर नवं वाण होईल आणि त्यावर मावा बसत नाही. मग जावयाच्या जनावरांनी खायचं काय?"