डाव्या कानशिलावरचं तेल

नाशिकच्या थंडीत खोबरेल गोठतंच. आज सकाळी बाटली गरम पाण्यात ठेवली. तेल वितळू लागल्याचा तो वास आला आणि मळ्यातल्या घरातली फार जुनी एक संध्याकाळ समोर उभी राहिली.

माझे वडील, अण्णा, झेंडू लावायचे. फुलबाजारात त्यांचा आवाज लांबूनही ओळखू यायचा. अर्धांगवायूच्या झटक्यानं तो आवाजच गेला. त्यांना घरी सोडलं त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूचं प्लॅस्टरचं मॉडेल समोर ठेवून त्यावरच्या वळ्या आणि खाचा आम्हाला दाखवल्या होत्या. डाव्या बाजूच्या एका वळीवर बोट टेकवून ते म्हणाले, "बोलणं इथून चालतं. नेमकी इथंच इजा झालीय."

"म्हणजे डोक्यावर कुठं?" आईनं विचारलं. डॉक्टरांनी स्वतःच्या डाव्या कानशिलाच्या जरा वर बोट ठेवलं.

घरी आल्यावर आईनं तेल कोमट केलं आणि अण्णांच्या डोक्यावर बरोबर त्याच जागी चोळायला बसली. मी तेव्हा कॉलेजात बायॉलॉजी शिकत होते. वैतागून म्हणाले, "अगं, मध्ये हाड असतं. तेल आत पोचत नाही."

"तेवढं मला बी कळतं," हात न थांबवता ती म्हणाली. "पण मला हात लावता येईल अशी दुसरी जागा सांग ना."

तेलाचा ओघळ अण्णांच्या कानावर उतरला. तो त्यांनी पुसला नाही. धड असलेल्या डाव्या हातानं आईच्या पदराचं टोक धरलं आणि तिचे डोळे पुसले.

आई रडतेय, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.