अर्धा आवळलेला व्हॉल्व्ह

...तर वीज कुठं वाया जाते ते बघायला आलेल्या त्या इंजिनिअर बाईंनी व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून विचारलं, "मामा, हा अर्धा बंद कशाला?" काल नेमका इथं चहा आला नि गोष्ट अडली.

आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात पंपघर सांभाळायचा तो पंपमामा. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन लांब. घरी भिंतीशी बोलण्यापेक्षा इथं मोटरीशी बोललेलं बरं, असं त्याचं गणित. दर तासाला उठायचं, पाण्याचा दाब बघायचा, चाक फिरवून व्हॉल्व्ह आवळायचा नाहीतर सैल करायचा.

मोटर घेतानाची गंमत तर ऐका. गरज वीस हॉर्सपॉवरची. फोरमन म्हणाला, "पंचवीसची घ्या." स्टोअरकीपर म्हणाला, "तीसची, पुढंमागं लागेल." साहेबांनी चाळीसवर सही ठोकली! मग पाणी उधळायला लागलं, म्हणून व्हॉल्व्ह आवळायचा, नि मोटर दिवसरात्र ओरडायची. बैलाला पराणीही टोचायची आणि वेसणही ओढून धरायची, तसला प्रकार.

मामा नुसतं "असंच असतं बाई" म्हणाला असता, तरी त्याची खुर्ची शाबूत राहिली असती. मी बॉयलरवाला, शेजारीच उभा. डोळ्यांनी खुणावत होतो, गप्प बस.

पण त्यानं खिशातली वही काढली. अकरा वर्षांचा दाब, करंट, बेअरिंगची गरमी, सगळं टिपलेलं.

"मोटर फार मोठी आहे बाई. निम्मी पुरेल. आणि तुमचा तो वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह बसवा. मग चाकाला हातच लावायला नको."

"मग तुम्ही काय करणार?" बाई हसल्या. मामा हसला नाही.

नवी मोटर बसली. लागेल तेवढीच फिरते, आवाज म्हणून नाही. मामाला गेटवर बसवलं. अधूनमधून ग्रीस भरायला तेवढं बोलावतात. तेही ग्रीसगनचे मोजून दोन दाब; "फार लाड केले की बेअरिंग तापतं," म्हणतो.

परवा गेटवर त्याच्याशी बोलत बसलो. तास भरला की हा उठून उभा राही, इकडंतिकडं बघे, पुन्हा बसे. मला राहवेना. म्हटलं, "लेका, एकुलती एक सोबत, ती तूच घालवलीस. तोंड मिटून बसायला काय झालं होतं?"

तो म्हणाला, "अरे, अकरा वर्षं तिचा गळा आवळत होतो मी. माझं घर सुनं आहे म्हणून तिनं किती दिवस ओरडत राहायचं?"