सरांच्या ओसरीवरचा वाद

मध्ययुगातले ख्रिस्ती पंडित म्हटलं की तुम्ही सावरून बसला असाल. आता घंटा वाजेल, मेणबत्त्या लागतील, शेवटी मी गळ्यात क्रूस घालून घरी जाईन आणि माय रडेल. तसं काही होत नाही. यात जळतो तो मी एकटा, तेही मित्रावर.

मी गोंदियाला कॉलेजात होतो. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. तर्कशास्त्र शिकवणारे आमचे सर ख्रिस्ती. रविवारी चर्चमधून आले की आम्हा पाच-सहा पोरांना ओसरीवर बसवत आणि सात-आठशे वर्षांपूर्वीच्या मठांतले वाद उकरून काढत. म्हणत, "ती माणसं मेली, प्रश्न मेले नाहीत. आजही मोठमोठ्या विद्यापीठांत यावरच भांडतात." त्यांचा नियमही तिथलाच. समोरच्याला खोडायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो "हो, हेच" म्हणाला, की मग बोला.

नकला करण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. स्टेशनमास्तर, गिरणीवाला शेठ, सगळे माझ्या गळ्यात. त्यामुळे सरांचा लाडका मीच, असं मी धरून चाललो होतो. मग तो यायला लागला.

तो म्हणजे माझ्याच बाकावरचा, बोदलकशाच्या तलावाकडच्या पोवार शेतकऱ्याचा पोरगा. बोलायच्या आधी घसा खाकरणार, मग छताकडे बघणार. पण सर त्याच्यासाठी चहा थांबवून ठेवत! मला कान तुटलेल्या कपात, त्याला बशीसकट. त्यात सरांनी सांगितलं, "नागपूरला मोठी चर्चा आहे, एकालाच सोबत नेईन." तेव्हापासून मला जेवण जाईना.

त्या रविवारी प्रश्न होता, देवाला उद्याचं सगळं आधीच माहीत असेल, तर माणूस मोकळा कसा?

तो खाकरला. "सर, आमच्या तलावाच्या पाळीवर उभं राह्यलं का खालचा सारा रस्ता दिसते. पुढची बंडी, मागची बंडी, एकाच वेळी. बंडीवाल्याले फक्त आपल्या बैलाची शेपटी दिसते. पण मी पाहून राहिलो म्हणून बंडी चालत नाही नं. तो हाकते म्हणून चालते. देवाचं तसंच असन. त्याले आधी-नंतर नाहीच."

सर उभेच राहिले. "अरे, त्या पंडितांनी हेच म्हटलं होतं! तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सर. बैल चारताना तिथंच बसून राहतो मी."

बैल चारताना! त्या पाळीवर मीही गेलो होतो. मला फक्त मासे दिसले होते.

(त्याचं बोलणं मी आज एवढं नीट सांगून राहिलो, कारण नंतर ते त्याच्याकडूनच पुन्हा ऐकलं.)

खोडायला माझा नंबर लागला. मी खाकरलो, छताकडे पाहिलं आणि त्याच्याच आवाजात सुरू झालो, "सर, आमच्या तलावाच्या पाळीवर..." पोरं लोळली. एक जण म्हणाला, "वाह उस्ताद!" मी बैल आणले, शेपटी आणली, पदरचं शेणही आणलं.

तो हसला नाही. "आवाज तर बरोबर काढला बे. आता मी म्हटलं काय, ते सांग."

मी तोंड उघडलं. तो बोलत होता तेव्हा मी त्याचं खाकरणं पाठ करत होतो.

"बंडी... देव हाकते..."

"नाही. हे नाही म्हटलं मी."

पोरं चपला घालू लागली. ती गेल्यावर सरांनी मला थांबवलं. मी अजून शहाणपणा केला. "सर, मी आज नक्कल करणार हे देवाला आधीच माहीत होतं. मग माझा काय दोष?"

वाटलं, हसतील.

"देवानं पाहिलं असेल, केलं तू! तो पोरगा इतका वेळ तेच सांगत होता ना, गाढवा? जळतोस त्याच्यावर, तर तेवढं तरी सरळ कबूल कर. नागपूरला तो येईल. तू उद्या त्याच्या खोलीवर जा, माफी माग आणि तोंड मिटून त्याचं ऐक. तोवर या ओसरीवर पाय ठेवायचा नाही. चल, नीघ!"