सबनिसांनी सोडलेली पालेभाजी

चातुर्मासात कुणी काय सोडलं यावर श्यामकांत सबनीस जन्मभर इतके हसले होते, की त्यांनी स्वतः काही सोडलंय असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी दिल्लीतल्या एकाही मराठी माणसाला ते पटलं नसतं.

त्यांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात झाली. संसार आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये झाला आणि निवृत्तीनंतर ते पत्नी सुहासिनीबाईंना घेऊन दिल्लीतल्याच द्वारकेच्या एका सोसायटीत राहायला गेले. मराठी मंडळींच्या बैठकीत सबनीस आले की बायका आपले उपास-तापास पदराआड लपवायच्या, कारण हे गृहस्थ हटकून विचारणार, "काय वहिनी, यंदा देवाला काय सोडलंत? कारलं? देव फार स्वस्तात पटतो हो तुम्हाला!" घरातसुद्धा सुटका नव्हती. मुलगा अविनाश लहानपणी टायफॉइडने आजारी होता तेव्हा सुहासिनीबाईंनी वांगं सोडलं, तर यांनी ऑफिसात जाहीर केलं की आमच्याकडे टायफॉइडवर वांग्याचा इलाज सुरू आहे. लोक पोट धरून हसले. सुहासिनीबाईही हसल्या, दुसरं काय करणार? पुढे पुढे त्यांनी काही सोडणंच बंद केलं, निदान घरात सांगणं तरी बंद केलं.

तर अशा माणसाचा उजवा खुबा झिजला. चार पावलं टाकली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून सबनीस सोसायटीच्या नोटीस बोर्डापुढे वाचत असल्यासारखे उभे राहायचे. खुबा बदलायचा ठरला. नुसता खुबाच असता तर एवढं काही नव्हतं. पण काही वर्षांपूर्वी त्यांच्या पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसापर्यंत गेली होती, आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांच्यामागे कायमची लागली होती. सर्जनने समोर बसवून सगळं समजावलं. ऑपरेशनआधी गोळी थांबवायची, मधल्या दिवसांत पोटात इंजेक्शनं घ्यायची, मग पुन्हा गोळी. गोळी चालू ठेवली तर रक्त थांबणार नाही, बंद ठेवली तर पुन्हा गाठ व्हायची भीती. सबनिसांनी सवयीने विचारलं, "रिस्क कितनी परसेंट?" डॉक्टरांनी एक लहानसा आकडा सांगितला. असल्या आकड्याला आयुष्यभर नगण्य म्हणत आलेल्या माणसाला तो काही केल्या गिळवेना.

आषाढी एकादशीला सुहासिनीबाई खालच्या मजल्यावर भजनाला गेल्या होत्या. सबनीस काठी टेकत स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. एका हातात काठी असल्यामुळे हात जोडता येईनात, म्हणून एकच हात छातीशी धरला. त्यांच्या मॅट्रिकच्या वर्षी आईने चातुर्मासभर पालेभाजी सोडली होती, तेवढं एक त्यांना आठवलं. "पालेभाजी सोडतो," ते पुटपुटले. "ऑपरेशन तेवढं नीट होऊ दे." आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्यांनी दाराकडे बघितलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे कान चोरी करताना पकडलेल्या पोरासारखे लाल झाले.

आता सोडायची तर दुधी सोडावा, भेंडी सोडावी. पण अक्कल गहाण पडली की ती नेमकी हवी तेव्हाच गहाण पडते. गोळी सुरू झाली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की पालेभाजीचा या गोळीशी संबंध आहे, तेव्हा रोज खाता तेवढीच खा, कमी नको आणि जास्तही नको. सुहासिनीबाईंनी ते तंतोतंत पाळलं होतं. रोज जेवताना एक वाटी, कधी पालक, कधी माठ, ज्याला तिथला भाजीवाला चौलाई म्हणतो. सबनिसांच्या डोक्यात मात्र अर्धंच राहिलं होतं, की पालेभाजीने गोळीचा जोर कमी होतो. मग न खाल्ली तर गोळीला मदतच होईल, असा शास्त्राचा आधारही त्यांनी आपल्या नवसाला देऊन टाकला. शिकलेला माणूस मूर्खपणा करतो तोही सकारण करतो.

बरं, 'मला पालेभाजी नको' म्हणावं तर बायको 'का' विचारणार. म्हणून सुहासिनीबाई पोळी आणायला आत गेल्या, की सबनीस वाटीतली भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतायचे आणि पिशवी सदऱ्याच्या खिशात टाकायचे. संध्याकाळी फिरायच्या निमित्ताने गेटजवळच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत लंगडत जायचे. एकदा पिशवी गळली आणि पांढऱ्या सदऱ्यावर हिरवा डाग पडला. सुहासिनीबाईंना वाटलं, बागेतल्या हिरवळीवर टेकले असतील. त्यांनी लिंबू लावून डाग घासून काढला. घासणारी त्यांची बोटं कागदाच्या कडेवरून दिसत होती, तरी सबनीस वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते. आपण बायकोने रांधलेलं अन्न रोज चोरून फेकतोय याची त्यांना लाज वाटत होती, पण भीती लाजेहून मोठी होती.

श्रावण संपत आला तसं दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग उमटले. ऑपरेशनआधीच्या तपासणीत रक्त भलतंच पातळ निघालं. सर्जनने रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की अशा रक्तावर मी सुरी लावणार नाही, ऑपरेशन पुढे ढकला. मग ते सुहासिनीबाईंकडे वळले.

"माताजी, दवाई आप देती हैं?"

"जी."

"और खाना?"

"वो भी मैं ही."

"तो कुछ तो बदला है. दवाई डबल हो गई, या सब्जी बंद हो गई. इतना फर्क ऐसे ही नहीं आता."

सुहासिनीबाईंनी विचार केला. त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे विचार केला की सबनिसांना खुर्चीत बसवेना. अविनाश रजा टाकून आला होता, तो आईच्या मागे उभा होता. शेवटी सुहासिनीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुझसे ही गलती हुई होगी, डॉक्टरसाहब. आजकल दिखता कम है. शायद गोली दो बार दे दी होगी."

सबनीस त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते. जिभेवर आलेलं वाक्य फक्त उच्चारायचं होतं. पण समोर डॉक्टर, मागे मुलगा, आणि सांगायचं काय, तर श्यामकांत सबनिसांनी नवस केला? त्यांनी घसा खाकरला आणि ते भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिले. 'सगळ्यांपुढे कशाला, घरी गेल्यावर सांगू' असं त्यांनी स्वतःला समजावलं. घरी गेल्यावरही सांगितलं नाही.

अविनाश वाईट मुलगा नव्हता. गाडीत तो आईला शांतपणे म्हणाला, "आई, तुझं वय झालंय यार. आता गोळ्यांचं मी बघतो. जेवणाचा डबा लावून टाकू, डाएटवाल्यांचा. टेन्शनच नको." सुहासिनीबाई "अच्छा" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांचा डबा अविनाशच्या ताब्यात गेला. तो आठवड्याच्या गोळ्या भरून द्यायचा आणि फोनवरून आठवण करायचा. जेवण बाहेरून येऊ लागलं. इतकी वर्षं ज्या बाईने नवऱ्याची गोळी एकदाही चुकवली नव्हती, ती आता डब्याची झाकणं उघडून ताटात वाढायची आणि विचारायची, "हे तुम्हाला चालतं ना हो? मला आता खात्री वाटत नाही." सबनीस मान हलवायचे. डब्यातला पालक ते मुकाट्याने खायचे. नवसही मोडला होता आणि तोंडही उघडलं नव्हतं. देवाशी खोटं आणि बायकोशीही खोटं, असे दोन्हीकडून काळे होऊन ते दसऱ्यानंतर ऑपरेशनच्या टेबलावर चढले.

ऑपरेशन उत्तम झालं. रक्त थांबलं, गाठ झाली नाही, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. पोटावर इंजेक्शनांचे निळे ठिपके उठले, ते हळूहळू पिवळे पडले. घरी उंच खुर्ची आली, कमोडवर उंच बैठक आली. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही. गाठ होऊ नये म्हणून घालायचे ते घट्ट पांढरे मोजे त्यामुळे रोज सकाळी सुहासिनीबाई घालून द्यायच्या. त्यांचेही गुडघे धड नव्हते. पलंगाला हात टेकून त्या जमिनीवर बसायच्या, सबनिसांचं पाऊल मांडीवर घ्यायच्या आणि मोजा इंच इंच वर चढवायच्या.

अशाच एका सकाळी त्या खालूनच म्हणाल्या, "नशीब तुमचं, अविनाशने वेळीच सगळं हातात घेतलं. माझ्या भरवशावर राहिला असतात तर मी मारलंच असतं तुम्हाला."

सबनिसांना ते ऐकवेना.

"अगं, गोळी तू बरोबरच देत होतीस," ते म्हणाले. "मीच भाजी खात नव्हतो. टाकून देत होतो. सोडली होती."

"सोडली म्हणजे?"

"चातुर्मासाची. ऑपरेशन नीट व्हावं म्हणून."

आता ही हसणार, असं त्यांना वाटलं. हसायचा हक्कच होता तिचा. पण सुहासिनीबाई हसल्या नाहीत. मोजा घोट्यापाशी तसाच राहिला.

"म्हणजे मी डॉक्टरांना माझं चुकलं म्हणाले, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि गाडीत?"

"हो."

त्यांनी वर बघितलं नाही. मोजा गुडघ्यापर्यंत ओढला, सुरकुती सारखी केली. "अविनाश आज येईल," त्या म्हणाल्या. "त्याला सांगा. मी नाही सांगणार." सबनिसांना वाटलं, खाली उतरून हिचे पाय धरावेत. पण डॉक्टरांनी वाकायची मनाई केली होती, आणि मनाई नसती तर आपण खरंच धरले असते का, याचीही त्यांना खात्री देता येईना.

दुपारी अविनाश आला तेव्हा सबनिसांनी सांगितलं. नवस, वाटी, पिशवी, गेटजवळचा कचऱ्याचा डबा, डॉक्टरांसमोरची खुर्ची, सगळं. अविनाश आधी बघतच राहिला आणि मग त्याला हसू आवरेना. "बाबा, तुम्ही? नवस? बिल्कुल कमाल आहे! मंडळात कळलं ना, तर—" तो अगदी बापासारखा हसत होता, मान मागे टाकून.

"हसू नकोस," सुहासिनीबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की तो दचकला. "भीती वाटली होती त्यांना. भीती वाटली की माणूस काहीतरी सोडतो."

सबनिसांनी मान खाली घातली. अविनाशच्या टायफॉइडच्या वेळी हिलाही अशीच भीती वाटली असेल, हे त्यांच्या आज लक्षात आलं. आणि ऑफिसात सगळे हसत होते तेव्हा 'हसू नका' म्हणणारं तिच्या बाजूने कुणीही नव्हतं.