मोनिकाच्या पदवीला तण पाहिजे

आमची चुलती मालनबाई हिच्या रानात तणाची काडी सापडायची न्हाई. पासष्टी उलटली तरी पहाटे खुरपं घेऊन बांधावर हजर. कुणाचं चांगलं म्हणायची मात्र तिला सवय नव्हती. लग्नात जेवून आली तरी सांगायची, "भात शिजला हुता."

तिची नात मोनिका विद्यापीठात विज्ञान आणि वनशास्त्र अशी जोड पदवी करते. पाच वर्षांचं शिक्षण. त्यासाठी काय काय लागतं ते तिनं एकदा आजीला वाचून दाखवलं. रसायन, गणित, मातीची तपासणी, रोपवाटिकेतलं काम, चार महिने जंगलात मुक्काम.

"रानात ऱ्हायाचे मार्क देत्यात?" चुलती म्हणाली. "मग माझं निम्मं शिक्षान झालंच की."

शेवटची अट होती पन्नास रानवनस्पती वाळवून, कागदावर चिकटवून द्यायची. ते दिल्याशिवाय पदवी न्हाई. मोनिका रोपवाटिकेत अडकलेली. तिनं फोनवर सांगितलं, "आज्जे, तेवढ्या गोळा करून पेपरात दाबून ठेव."

चुलतीनं महिनाभर बांध धुंडाळले. कुर्डू, पाथरी, केना, तांदुळजा, सगळं पेपरात घालून वर बाजरीचं पोतं ठेवलं. मोनिका आली तेव्हा जमा करायला आठ दिवस उरले होते. तिनं पहिला पेपर उघडला, दुसरा उघडला, मग भराभर सगळेच उघडले.

"आज्जे, फुलं कुठंयत? मुळं कुठंयत? हे नुस्ते शेंडे हायेत!"

"मग? भाजी शेंड्याचीच खुडत्यात. फुलावर आली की निबर हुती. कोन खातंय?"

"अगं, सरांना खायची न्हाई, वळखायची हाय!"

पन्नासच्या पन्नास शेंडे, कवळे, नीट निवडलेले. फोडणीला टाकायचंच बाकी होतं.

आता फुलावर आलेलं तण आणायचं कुठून? चुलतीनं आपलं रान तर साफ ठेवलेलंच, बाकीच्यांनी औषध मारलेलं. तणानं भरलेलं रान गावात एकच, शेजारच्या गोरक्षनाथाचं. त्यानं कमरेएवढं वाढू दिलं होतं. त्याचं बी उडून आपल्या रानात येतं म्हणून चुलती बारा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती.

पण नातीची पदवी होती. चुलती गेली त्याच्याकडं.

गोरक्षनाथ लिंबाखाली आडवा होता. सगळं ऐकून उठून बसला. गावात त्याच्याकडं काही मागायला माणूस आलं, ही पहिलीच वेळ.

"न्या की, वैनी. पर एक अट हाय. उद्या डेअरीवर चार मान्सांत म्हनायचं, गोरक्षनाथा, तुझं रान चांगलं हाय."

"मेले तरी न्हाई म्हननार!"

"मग ऱ्हाऊ द्या. मी आजच खुरपून टाकतो."

तो खुरपणार न्हाई हे चुलतीला ठाऊक होतं. पण मोनिका रडकुंडीला आली होती.

सकाळी डेअरीवर आम्ही दहा-बारा जण किटल्या घेऊन रांगेत होतो, गोरक्षनाथ सगळ्यांत पुढं. चुलती आली, पदर खोचला, डोळे मिटले.

"गोरक्षनाथा, तुझं रान चांगलं हाय."

माप घालणाऱ्याचं दूध मापाबाहेर सांडलं. मग एक डोळा उघडून ती म्हणाली, "पोरीच्या परीक्षेपुरतं."

"तेवढं बास हाय," गोरक्षनाथ म्हणाला. "चला. खुरपं तेवढं तुमचं आना, माझ्याकडं न्हाई."

रानात मोनिका सांगत होती, "आज्जे, एकेकच, मुळासकट!" पण खुरपं हातात आल्यावर चुलतीला कोण आवरणार? दुपारपर्यंत तिनं अर्धा एकर मोकळा केला. गोरक्षनाथ मागनं ओरडत होता, "वैनी, आवो जमीन दिसाय लागली!"

रोज कागद बदलत झाडं वाळवली, वेळेत जमा केली. सरांनी संग्रह पास केला. मोनिकाचा तसा फोन आला, त्या दिवसापासून चुलतीनं गोरक्षनाथाशी बोलणं पुन्हा बंद केलं.