ट्रॅक्टरचे तास आणि बैलांचे तास

ट्रॅक्टर घेतला त्या दिवाळीत मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि ट्रॅक्टर तीन तासांचा. ट्रॅक्टरचं वय तासांत मोजतात हे मला यवतमाळच्या मिस्त्रीनं सांगितलं. स्टिअरिंगच्या पुढं बशीएवढं घड्याळ होतं. त्यात किती वाजले ते दिसत नसे. इंजिनाच्या वेगाबरोबर हलणारा एक काटा होता, आणि इंजिन आजवर किती तास चाललं ते आकड्यांत दिसे, तेही दशांशासकट.

"नीट सांभाळला तर किती वर्षं चालेल?" मी विचारलं.

"वर्षं नका विचारू. लहान मशीन आहे. ऑईल वेळेवर बदललं, डिझेल गाळून टाकलं, हवेची जाळी रोज साफ केली, तर सहा हजार तास धरून चाला."

मी घरी येऊन वही काढली. वर्षाला चारशे तास चालवला तर पंधरा वर्षं. तीनशे चालवला तर वीस. हा हिशोब मी जेवताना बायकोला वाचून दाखवला. तिनं विचारलं, "आन् चालवलाच नाही तं?"

हा प्रश्न तिनं चेष्टेनं विचारला होता, पण मी त्यावर दोन दिवस विचार केला.

ट्रॅक्टरसाठी मी बैलजोडी बोरी अरबच्या बाजारात विकली होती. गोठा रिकामा झाला, त्यात ट्रॅक्टर उभा राहिला. रोज सकाळी मी त्याला फडक्यानं पुसत असे, ग्रीसची सतरा ठिकाणं एक एक मोजून भरत असे. डिझेल धोतराच्या दुहेरी कापडातून गाळत असे. ते धोतर माझं चांगलं होतं, यावरून घरात बोलणं झालं.

हिवाळ्यात मला एक शोध लागला. मनगटावरच्या घड्याळाप्रमाणं एक तास काम केलं, पण इंजिन अगदी हळू ठेवलं, तर ट्रॅक्टरच्या घड्याळात सहा दशांश तासच पडतो. ते घड्याळ वेळ मोजत नव्हतं, इंजिनाचे फेरे मोजत होतं. म्हणजे हळू चालवलं की तासामागं चार दशांश तास आयुष्य वाचतं. त्या दिवसापासून माझा ट्रॅक्टर धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखा धक्-धक् करत, काळा धूर सोडत नांगरू लागला.

माझ्या शेताला लागून तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शेत होतं. सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर हिंडलेले, त्यामुळं बैलांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. होळी झाल्यावर दादा माझ्याकडं आले.

"भाऊ, माह्या चार एकरात कुंद्याचं तण माजलं. बैलाच्यानं मुळी निंघत नाही. ट्रॅक्टरनं नांगरून द्या. बदल्यात माही जोडी तुमाले लागन तवा घेऊन जा."

आमच्याकडं ही देवाणघेवाण नवी नव्हती. पण मी वही उघडली. एकराला तीन तास, चार एकराला बारा तास. सहा हजारातून बारा.

"दादा, हा ट्रॅक्टरच्या आयुष्याचा पाचशेवा हिस्सा होतो," मी म्हणालो.

दादांनी वहीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पाचशेवा हिस्सा मंजे लय झालं जी," ते म्हणाले, आणि निघून गेले. मला वाटलं, त्यांना पटलं.

आषाढात आठ दिवस पावसाची झड लागली. उघडली तेव्हा माझ्या नऊ एकर कपाशीत तण पिकाच्या वर डोकं काढून उभं होतं. तीन-चार दिवसांत ओळींमधलं तण उपटणारी डवरणी झाली नाही आणि पाऊस पुन्हा लागला, तर वर्षाचं पीक त्या तणात जाणार हे सांगायला वहीची गरज नव्हती. मी ट्रॅक्टर शेतात नेला. पहिल्या पन्नास पावलांत बत्तीस झाडं आडवी झाली. मोजली.

ट्रॅक्टर घेताना मी सगळं मोजलं होतं: इंजिनाची ताकद, तासाला लागणारं डिझेल, गोठ्याच्या दाराची रुंदी. कपाशीच्या दोन ओळींमधली दीड फुटाची जागा तेवढी मोजायची राहिली होती. त्या जागेत डवरा घेऊन बैलच चालू शकतो.

संध्याकाळी मी दादांच्या अंगणात गेलो. बैल गव्हाणीवर होते, दादा त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते.

"दादा, तीन दिवस जोडी पाहिजे होती."

"देतो नं. पण भाऊ, बैलाचेबी तास असते."

"बैलाचे?"

"घड्याळ लावलं नाही म्हून का त्याईचं आयुष्य सरत नाही? हा धवळा अजून पाच वर्सं चालन. तुमचे तीन दिवस मंजे कितवा हिस्सा होते, ते वहीत पाहून सांगा."

मी मनातल्या मनात हिशोब केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा जोडी घेऊन आले. डवरा लावला आणि बैल चालू लागले. चालू लागले म्हणजे, पाय उचलत, थांबत, विचार करत. मी बांधावर मनगटी घड्याळ घेऊन उभा होतो. जी फेरी सहा मिनिटांत व्हायची तिला चौदा मिनिटं लागली. दुसरीला पंधरा. या चालीनं नऊ एकराला सात दिवस लागले असते, आणि दारव्ह्याच्या बाजूला आभाळ काळं होऊ लागलं होतं.

"दादा, जरा हाका की!"

"नाही जी! हळू चालवून राह्यलो. तास वाचते मंते."

त्यांचं शेत माझ्या शेजारी असल्यानं माझा हिवाळ्यातला शोध त्यांनी रोज पाहिला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिसरी फेरी होईपर्यंत मी दम धरला.

"दादा, तुमचे चार एकर उन्हाळ्यात नांगरून देतो."

"पाचशेवा हिस्सा जाईन नं भाऊ."

"जाऊ द्या."

"आन् धक्-धक् नाही पाहिजे. तशानं कुंदा निंघत नाही."

"पूर्ण वेगानं नांगरतो."

दादांनी बैलांना त्यांच्या बोलीत एक शब्द सांगितला. बैल निघाले ते असे की फेरी साडेपाच मिनिटांत झाली. दुसऱ्या दिवशी दादा पाणी प्यायला गेले असताना तोच शब्द मी म्हणून पाहिला. दोन्ही बैलांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि तिथंच उभे राहिले. नऊ एकर अडीच दिवसांत झाले. तिसऱ्या संध्याकाळी पाऊस लागला. बत्तीस झाडं सोडली तर पीक वाचलं.

उन्हाळ्यात नांगरटीच्या आधी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं इंजिन ऐकलं, धुराड्यात बोट घालून काजळी काढली आणि विचारलं, "ह्याला ओझ्याखाली हळू कोण चालवतं? घड्याळ काही म्हणो, इंजिन त्यापेक्षा जास्त म्हातारं झालंय. असा चालवाल तर सहा हजार विसरा."

दादा तिथंच बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त वहीची आठवण करून दिली: "भाऊ, हेबी लिहून घ्या."

दादांच्या शेतात मी इंजिन पूर्ण वेगानं सोडलं. कुंद्याच्या मुळ्या दोरखंडासारख्या वर येत होत्या. चौथ्या एकरात घड्याळाचा काटा एकदम गळाला आणि आकडे थांबले. मी ट्रॅक्टर उभा केला. दादा धावत आले.

"गेला का?"

"घड्याळाची तार तुटली."

"मंग ट्रॅक्टर?"

"तो चालू आहे."

"मंग उतरले कायले? चालवा!"

मी राहिलेलं नांगरून दिलं. तार आणायला यवतमाळला जाईन म्हणालो होतो, ते राहिलं. आज चौथं वर्ष आहे. ऑईल मी दर चाळीस एकर नांगरटीला बदलतो, डिझेल अजून गाळतो, धोतर आता जुनं वापरतो. चांगला सांभाळलेला लहान ट्रॅक्टर किती चालतो, असं कोणी विचारलं तर माझ्याकडं आकडा नाही, आणि ही गोष्ट मला थोडी खुपते. घड्याळ सहाशे अकरा पूर्णांक चारवर थांबलेलं आहे. त्याच्या मते चार वर्षांत ट्रॅक्टरचं वय एका मिनिटानंही वाढलेलं नाही.

परवा दादांनी ते घड्याळ डोळे बारीक करून पाहिलं. धवळा आता बसला की उठायला वेळ लावतो.

"भाऊ," ते म्हणाले, "असंच बंद पडलेलं एखादं धवळ्यासाठी भेटन का?"